बेबीच्या दाताचा टवका

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत डॉक्टरीण बाई लोकांचे दात काढतात आणि मागच्या खोलीत कवळीकाका नवे दात करतात. बाईंच्या खोलीत जाताना माणसं देवाचं नाव घेतात. काकांच्या खोलीत कुणी जातच नाही. तिथं एक लांबट टेबल, स्पिरिटचा दिवा, मेण कापायची सुरी, प्लास्टरचे साचे आणि ते साचे कुणाच्या तोंडाचे आहेत हे न विचारता ओळखणारे काका. रस्त्यात कुणी ओळख दाखवली नाही तरी त्यांना वाईट वाटत नाही. ते हिरड्यांवरून माणसं ओळखतात, आणि हिरड्या घेऊन रस्त्यात कुणी फिरत नाही.

काका चांगले कारागीर आहेत हे गावभर माहीत आहे. त्यांची कवळी कवळी वाटत नाही, हे त्यांचं खरं कसब. नवशिके लोक सगळे दात एका रांगेत, एका मापाचे, पांढरेशुभ्र लावतात आणि म्हातारा हसला की पोरं घाबरतात. काका गिऱ्हाइकाचा जुना फोटो मागवतात. फोटोत एक दात दुसऱ्यावर चढलेला असेल तर मेणातही तसाच चढवतात, फट असेल तर फट ठेवतात. डॉक्टरीण बाई नवीन होत्या तेव्हा कुरकुरल्या होत्या, "काका, एवढे पैसे देऊन लोक वाकडे दात घेणार का?" काका म्हणाले, "बाई, खोटं ओळखू येतं ते फार सरळ असतं म्हणून." बाई हसल्या आणि तेव्हापासून फोटो त्या स्वतःच मागायला लागल्या. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. काकांकडे ती चैन नाही, दोन्ही एकाच जोडीत भागवावं लागतं.

आता गंमत बघा. दुसऱ्यांच्या तोंडात इतकं खरंखुरं खोटं बसवणारा हा माणूस स्वतः दुसऱ्याच्या नावावर जगत आला आहे. ही गोष्ट त्यांची बहीण सोडली तर जिवंत माणसांत कुणालाच माहीत नाही.

घरात तीन भावंडं. थोरला दादा, मधला बारक्या आणि शेंडेफळ बेबी. दादा शाळेत हुशार, बोलायला चटपटीत. बारक्या अंगानं त्याच्यासारखाच, पण शाळेनं त्याला आणि त्यानं शाळेला केव्हाच सोडलं होतं. वडिलांची बदली नव्या गावी झाली. तिथं दातांचं काम करणारे एक मास्तर होते, नावाजलेले आणि तितकेच तापट. वडिलांनी दादाला त्यांच्यापुढे उभा केला, मास्तरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, शाळेचा दाखला वाचला आणि शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलं. नव्या गावात सामान हलवायची धांदल चालू असतानाच दादा घरातून निघून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. अंथरुणाची घडीसुद्धा घालून गेला होता.

वडील शब्दाचे पक्के. शब्दाचे पक्के लोक घरच्यांना फार महाग पडतात. त्यांनी बारक्याला समोर उभं केलं, दादाचा सदरा त्याच्या अंगात घातला, दादाचा दाखला हातात दिला आणि म्हणाले, "मास्तरांनी एकदाच बघितलंय. आजपासून तू दादा. तो आला की बघू." आई काहीतरी बोलायला गेली, तर म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगणार आहेस?"

नव्या गावात ह्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून ते जमून गेलं. पण आई दारात बसून रस्त्याकडे बघत रडायची आणि शेजारणी विचारायच्या. काहीतरी सांगणं भाग होतं. वडिलांनी सांगून टाकलं, धाकटा मुलगा पळून गेला. म्हणजे घर सोडून गेला दादा आणि गल्लीत बदनाम झाला बारक्या. आणि तो बारक्या मात्र रोज सकाळी केस विंचरून मास्तरांकडे कामाला जात होता.

वडिलांनी त्याला शिकवण दिली तीही त्यांच्या पद्धतीनं. तो पाणी भरत असला, चप्पल घालत असला की ते मागून अचानक हाक मारायचे, "बारक्या!" मान वळली की पाठीत धपाटा. काही दिवसांनी मान वळेनाशी झाली. मग त्यांनी घरातल्या बाकीच्यांनाही ताकीद दिली, घरात एक आणि दारात एक असं चालणार नाही, कधीतरी तोंडातून निसटेल. आईनं त्याला दादा म्हणायला सुरुवात केली. बेबीनंही केली. सुरुवातीला ती हसायची, दोघं एकमेकांकडे बघून खुसखुसायची, मोठा खेळच वाटायचा. पुढं हसणं थांबलं. केव्हा थांबलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पहिली काही वर्षं बारक्या दादाचं नाव जपून वापरत होता. शेजारून उसनं आणलेलं भांडं घासूनपुसून परत करतात, तसं ते नाव दादा आला की स्वच्छ परत करायचं असं त्यानं मनाशी धरलं होतं. म्हणून विडीला हात लावला नाही, कुणाशी भांडला नाही, मास्तरांच्या शिव्या खाली मान घालून ऐकल्या. लोक म्हणायचे, काय गुणी मुलगा! आणि गुणी मुलाच्या मनात यायचं, हे कौतुक कुणाचं चाललंय? दादा आला नाही. त्याचा काही पत्ता लागला नाही. मास्तर गेले, जाताना हत्यारं ह्यालाच देऊन गेले. लग्न झालं, लग्नाच्या पत्रिकेवर दादाचं नाव छापलं. मुलगी झाली, तिच्या नावापुढे बापाचं म्हणून दादाचंच नाव लागलं.

बायको भली होती. जन्मभर तिनं नवऱ्याला "अहो" म्हटलं, आणि "अहो"मध्ये दादाही मावतो आणि बारक्याही. तिच्याजवळ काकांना बरं वाटायचं ते म्हणूनच. सांगावं सांगावं असं अनेकदा ओठांवर आलं, पण त्या माउलीनं इतक्या विश्वासानं भाजी चिरत बसलेलं असावं की ह्यांची दातखिळी बसायची. ती गेली, तीही न कळताच गेली. काकांना अजून वाटतं, तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं मग? चहा घेणार का?"

हे सगळं एक वेळ चाललं असतं. काकांच्या मनाला खरी टोचणी होती ती आईच्या शेवटच्या दुपारची.

आई अंथरुणाला खिळली होती. शेजारपाजार जमला होता. बेबी पायाशी बसून तळवे चोळत होती, काका उशाशी उभे. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बारक्या... बारक्या, आलास का रे?" किती वर्षांनी ती हाक त्या घरात आली होती! पण सगळे बघत होते. एक शेजारीण चुकचुकली, "पळपुट्या पोरात जीव अडकलाय हो." आणि काका, तोपर्यंत पुरते दादा झालेले काका, वाकून म्हणाले, "येईल हं आई. येईल तो."

आईनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि डोळे मिटले. ते औषध आणायला गेले, परत आले तेव्हा संपलं होतं.

तिनं हाक कुणाला मारली होती? घरात दादा म्हणजे हे आणि बारक्या म्हणजे गेलेला, अशी सगळ्यांच्या जिभेला सवय लागलेली. तेव्हा ती गेलेल्यालाच बोलावत असणार, ही एक गोष्ट. नाहीतर मरताना माणूस सवय विसरतं आणि ती ह्यांनाच बोलावत होती, ही दुसरी. काकांनी हे कोडं स्वतःला इतक्या वेळा घातलं की त्याचा काथ्याकूट होऊन गेला. विचारण्यासारखी एकच व्यक्ती होती, बेबी. तिला विचारायचं धाडस नव्हतं. ती म्हणाली, दादालाच रे बाबा बोलावत होती, तर? मग बारक्या नावाचा कुणी होता ह्याला पुरावा काय राहिला? त्यापेक्षा न विचारलेलं बरं होतं.

आणि एक दिवस बेबी दवाखान्यात हजर झाली. सत्तरी ओलांडलेली बेबी, तोंडाचं पार बोळकं झालेलं. उरलेसुरले दात बाईंनी काढून टाकले होते. तिचा मुलगा तिला कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता, खूप लांब, जिथून म्हातारी माणसं परत येत नाहीत, फक्त फोन येतात.

"दादा, सुनेच्या माहेरचे भेटायला येणार आहेत तिथं. अशी जाऊ का मी?" ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "दात करून दे बाबा मला लवकर."

"बेबीला दात येणार म्हणायचे," काका म्हणाले. "ताप येईल हं."

ती हसली. हसताना लहानपणी करायची तसा ओठांवर हात ठेवला. काका मागच्या खोलीत आले आणि नुसतेच खुर्चीवर बसून राहिले. ही गेली की संपलं. मग ह्या पृथ्वीच्या पाठीवर त्यांना बारक्या म्हणून ओळखणारं कुणी उरणार नव्हतं. त्यांना फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा तिनं त्या नावानं हाक मारावी, आणि जमलं तर आईचं ते सांगावं. पण आपल्याच धाकट्या बहिणीपाशी आपलंच नाव मागायचं कसं? माणूस काहीही मागेल, हे मागताना जीभ अडते.

त्यांच्या धंद्यात एक पद्धत आहे. पक्की कवळी करण्याआधी दात मेणात रोवून तोंडात घालून बघतात आणि माणसाला काही शब्द बोलायला लावतात. ओठ मिटतात का, शीळ फुटते का ते त्यावरून कळतं. बाई नेहमी म्हणायला लावायच्या, "बाबा, मामा, फणस, साठ, सासू." काकांनी मनात बेत केला. ह्या वेळी आपण समोर बसायचं आणि बाईंच्या शब्दांत आपला एक शब्द घुसवायचा. ब चांगला येतो का बघू, म्हण, बारक्या. बेत नामी होता. त्यांनी आरशासमोर तो शब्द दोन-तीनदा म्हणूनही बघितला आणि स्वतःचाच राग आला. चोरासारखं कशाला? कामाचं निमित्त करून हाक काढून घ्यायची आणि पुन्हा ती खरी मानायची? खोट्यावर आयुष्य काढलं ते पुरे नव्हतं का?

बेत त्यांनी सोडून दिला आणि मेण गरम करायला घेतलं.

तिचा फोटो मागायची त्यांना गरज नव्हती. बेबीचे दात त्यांना पाठ होते. वरचे पुढचे दोन मोठे, ससुल्यासारखे, आणि त्यांतल्या उजव्याचा कोपरा उडालेला. तो कोपरा उडवला होता बारक्यानं. बेबी तांब्या तोंडाला लावून गटागट पाणी पीत होती आणि ह्यानं मागून जाऊन तिच्या हाताच्या कोपराला धक्का दिला, खोडी म्हणून. खट्ट असा आवाज आला आणि टवका जमिनीवर पडला. बेबी मोठ्यानं रडली, आई धावत आली, आणि बेबीनं रडता रडता सांगितलं, "मी पायरीवरून पडले." बारक्याला वडिलांचा मार बसू नये म्हणून. दादा त्या वेळी शाळेत होता. हे त्या दोघांतच राहिलं, आणि कितीतरी दिवस बेबी त्याबद्दल त्याच्याकडून आपली कामं करून घेत होती.

काकांनी डबीतून दात निवडले, मेणात एकेक रोवला. उजवा पुढचा दात हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग बारीक कानस काढली आणि त्याचा कोपरा घासला, तिरपा, जरासा खडबडीत, होता तसा. ह्यात मागणं काही नव्हतं. हे त्यांचं नेहमीचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काकांच्या खोलीत येऊन ते मेणातले दात बेबीच्या तोंडात बसवले. काका दाराशी उभे राहिले.

"म्हणा आजी, बाबा."

"बाबा."

"मामा. फणस. साठ."

"मामा, फणस, साठ."

"सासू."

"सासूचं नाव नको गं सकाळी सकाळी," बेबी म्हणाली, तेही अगदी स्पष्ट. बाई खूश झाल्या. तेवढ्यात पुढं कुणीतरी गाल धरून विव्हळत आलं आणि त्या बेबीच्या हातात आरसा देऊन बाहेर गेल्या.

बेबीनं आरशात बघितलं. आधी लांबून, मग जवळून. तिची जीभ दातांवरून फिरली, एका जागी थांबली, पुन्हा मागे आली. तिनं ओठ बाजूला ओढून तो कोपरा बघितला. मग आरसा खाली न ठेवताच ती म्हणाली,

"बारक्या, मेल्या, परत मोडलास माझा दात?"

आवाज सत्तरीचा नव्हता. तांब्या हातात धरलेल्या पोरीचा होता. काकांना हसू आलं की रडू आलं ते त्यांनाच समजेना, दोन्ही एकदम आलं असावं. बेबीलाही आपण काय बोललो ते उशिरा कळलं. तिनं आरसा मांडीवर ठेवला आणि ओठांवर हात घेतला.

"बेबी," काका खुर्चीपाशी येऊन बसले. आता थांबलो तर कधीच नाही, एवढं त्यांना कळत होतं. "आई शेवटी कुणाला हाक मारत होती गं?"

बेबीनं दात काढले. मेणातले दात हातावर घेऊन ती त्यांच्याकडे बघत राहिली. जे सांगायचं होतं ते तिला बोळक्या तोंडानंच सांगायचं होतं.

"दादाचा विषय तिनं केव्हाच सोडला होता," ती म्हणाली. "म्हणायची, एक मुलगा घर सोडून गेला आणि दुसऱ्याला आम्ही घरात ठेवून घालवला. तुझ्यासाठी रडायची ती दारात बसून. तू कामाला जायचास ना सकाळी, तेव्हा."

काका आणखी पुढे सरकले.

"त्या दिवशी तू औषधाला गेलास. तेव्हा मला म्हणाली..." बेबी थांबली. "नको रे. कशाला आता?"

"सांग."

"म्हणाली, समोर उभा राहतो आणि ओ देत नाही. रागावलाय माझ्यावर."

पुढच्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता, मोठ्ठा आ करा, अजून मोठा. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आईनं आपल्याला हाक मारली होती, ह्या एका गोष्टीसाठी ते किती वर्षं तळमळत होते, आणि ती मिळाली ती अशी. येईल हं आई, येईल तो. किती गोड आवाजात म्हणाले होते ते!

"तू सांगितलं नाहीस मला," ते शेवटी म्हणाले.

"कसं सांगू? तू सगळं निभावून नेत होतास. बाबांचं, माझ्या लग्नाचं. सांगितलं असतं तर तू मोडला असतास, आणि घर कुणाच्या जिवावर उभं राहिलं असतं?" तिनं पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे. "आणि खरं सांगू? तुला दादा म्हणताना मला कधी खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. मोठ्या भावाचं सगळं तूच केलंस. पण माझा बारक्याही मला हवा होता रे. खोडी काढायला कुणी उरलंच नाही."

बाई परत आल्या तेव्हा दोघं म्हातारी एकमेकांचे हात धरून बसली होती आणि मेणाचा जबडा मांडीवर पडला होता. बाईंनी तो उचलून बघितला. "काका, ह्याचा टवका उडालाय. दुसरा लावायचा का?"

"हात लावशील तर खबरदार," बेबी म्हणाली.

कवळी पक्की झाली, घासून चकचकीत झाली, टवक्यासकट. जायच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन दवाखान्यापाशीच आला. बेबीनं कवळी घातली, मुलानं कौतुक केलं, "मामा, आई कशी लहान दिसायला लागली!" मामांनी भाच्याला सांभाळून जायला सांगितलं, आईला खिडकीपाशी बसव म्हणून सांगितलं, आणि बेबीच्या डोक्यावर हात ठेवला.

"येते हं दादा," ती म्हणाली. मुलासमोर आणखी काय म्हणणार?

"ये," काका म्हणाले. येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. गाडी सुरू झाली. गाडी जाताना बघवणार नाही म्हणून ते पाठ फिरवून दवाखान्याकडे चालायला लागले. पायरीपाशी पोचले असतील नसतील, तोच मागून हाक आली, भर रस्त्यात, नव्या दातांनी, खणखणीत.

"बारक्या!"

"कुणाला हाक मारतेस गं आई?" भाच्याचा आवाज आला.

मान वळली नाही. वळेना. वडिलांचं शिक्षण पक्कं होतं, मानेत अजून तो धपाटा बसलेला होता. पण वडिलांनी शिकवलं होतं ते मानेला. जिभेला शिकवायचं राहून गेलं होतं.

"ओ!" बारक्या म्हणाला, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आणि एकदा दिलेला ओ पुरेसा नाही असं वाटून, गाडी वळणाआड गेल्यावरही, त्यानं पुन्हा एकदा दिला, "ओ, आई."